तुरळक ठिकाणी हिमदव

चोरबोग, ५ मार्च १९९९

रफोअत विहीणबाईंना सलाम.

आमच्याकडे सगळं खुशाल. गाय व्यायली, मेहरंगेजच्या वडिलांची कंबर नेहमीसारखी धरली आहे आणि मेहरंगेज दिवसभर लग्नाच्या दुलया शिवत बसते. तुमची खुशाली विचारत नाही, कारण काल रेडिओवर आवाज ठणठणीत होता.

अख्ख्या गावात चालू बॅटऱ्या फक्त आमच्या रेडिओत. त्यामुळे तुमचा वसंताचा हवामान अंदाज ऐकायला निम्मं गाव आमच्या अंगणात आलं होतं. आमची होणारी विहीण बोलणार म्हणून मी रेशमी रुमाल बांधून बसले होते. आणि तुम्ही काय सांगितलंत? ‘डोंगरपायथ्याला तुरळक ठिकाणी हिमदव, काही ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, क्वचित गारा, अन्यत्र हवामान मुख्यतः कोरडे.’

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. शेजारची मरहाबो म्हणाली, “होसियतआपा, हे तुरळक ठिकाण कुठल्या रस्त्याला लागतं? तिथल्या लोकांचं फार वाईट वाटतं बाई. दर वर्षी सगळं त्यांच्याच डोक्यावर कोसळतं.”

विहीणबाई, आम्ही जर्दाळूवर जगतो. कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत. हिमदवाने गोठलेली एक पहाट पुरते, मग वर्षभर झाडाखाली बसून सावली चाटायची. आणि तुम्ही सरकारी खुर्चीत बसून ‘होईलही, होणारही नाही’ म्हणता. एवढं तर आमची गायसुद्धा सांगते. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे.

दुसरं. लग्न एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या बागेत, फुलोऱ्याखाली, असं तोंडी ठरलं होतं. तुमचा सियोवुश या महिनाअखेर रशियातून येणार, पंधरा-वीस दिवसांत परत बांधकामावर जाणार, म्हणून घाई आहे हे मान्य. पण मागच्या पत्रात तुम्हाला एकाएकी शहरातला हॉल आठवला. आणि लगेच रेडिओवर गारा! माझ्या मनात काही आलं, ते लिहीत नाही. तुम्ही हुशार आहात.

पत्र नीट डकवत जा. मिनीबसवाला एर्गाश वाटेत पत्रं उघडून प्रवाशांना वाचून दाखवतो. हॉलची बातमी मला पत्राआधी गाडीतून उतरणाऱ्या लोकांकडून कळली.

तुमची,
होसियत

--

शहर, ९ मार्च

होसियत विहीणबाई,

सलाम. तुम्ही डिंक भरपूर लावला होतात. तरी पत्र हातात देताना एर्गाश म्हणाला, “गाईच्या शेपटीचं फार छान जमलंय.”

मी अंदाज सांगते, वरून लिहून आणत नाही. मार्चमध्ये उत्तरेची गार हवा आपल्या खोऱ्यात उतरते. आधी गडगडाट होतो, पाऊस पडतो, मग आभाळ पुसल्यासारखं स्वच्छ होतं. लोक म्हणतात, सुटलो. त्याच पहाटे कळ्या जळतात. यंदा ते नवरोजच्या आसपास, वीस-बावीस तारखेला होईलसं दिसतंय. नेमकं कोणाच्या कुंपणात, ते मला इथून दिसत नाही. दिसत असतं तर मी हवामान कचेरीत कशाला राहिले असते? एखाद्या पिराच्या मजारीवर गादी घालून बसले असते आणि तुम्ही बकरा घेऊन आला असता.

तुमची बाग खोलगट जागेत आहे. गार हवा पाण्यासारखी उतारावरून येते आणि खालच्या टप्प्यात साचते. म्हणून चेष्टेतून सवड मिळाली की काड, ओला पाला, जुने टायर, जे धूर करेल ते जमवून ठेवा.

हॉलबद्दल. हॉलला छप्पर आहे, फुलोऱ्याला नाही. पुलावात पाणी किती घालायचं ते आचाऱ्याने ठरवावं, आभाळाने नव्हे. याला तुम्ही कट म्हणत असाल तर त्या कटात सैबेरियापासूनची सगळी हवा सामील आहे. माझी एवढी पोच असती तर मी तुमच्याशी तारखेवरून वाद घातला नसता, सरळ बर्फ पाडला असता.

तुमची,
रफोअत

--

चोरबोग, १५ मार्च

विहीणबाई,

आलात की नाही वाटेवर?

काल पुन्हा अंगण भरलं होतं. ‘नवरोजला सर्वत्र निरभ्र आकाश, सुखद ऊब, हिमदवाचा कोणताही धोका नाही.’ सर्वत्र! तुरळक ठिकाणसुद्धा सुटलं बिचारं. मरहाबोने तर त्या गावाचं अभिनंदन केलं.

मी सगळ्यांना सांगून टाकलं, की माझ्या विहिणीला लग्न हॉलमध्ये हवं होतं म्हणून तिने आपल्याला गारांचा बागुलबुवा दाखवला. आम्ही बधलो नाही तसं आभाळ मोकळं केलं. लोक खूप हसले. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, थोडं उशिरा.

तुमच्या सांगण्यावरून आम्ही काड जमवलं होतं हो. मी लिहिलं नाही, पण जमवलं होतं. आता गाईपुढे टाकलं. टायर घरधन्याने ओढ्याच्या बांधाला लावले. बाकीच्यांनीही आपापलं मार्गी लावलं. झाडं दोन दिवसांत पूर्ण फुलतील. लग्न बागेत, हे आता पक्कं समजते.

एकच खटकलं. काल तुमचा आवाज असा येत होता, जणू दुसऱ्याचे जोडे घालून चालताय. सर्दी झाली असेल तर गरम दुधात लोणी घालून घ्या.

होसियत

--

शहर, १७ मार्च

होसियत विहीणबाई,

सर्दी नाही. इथे सगळं उत्तम आहे. नवरोजला जिल्ह्याचे कारभारी हाकीमसाहेब मैदानात भाषण करणार आहेत. आमच्या कचेरीच्या साहेबांनी ठरवलं आहे की त्या दिवशी हवा छान असेल. साहेबांनी ठरवलं की ती छानच असते, मी फक्त वाचून दाखवते. तुमचा एर्गाश आमच्या साहेबांचा सख्खा पुतण्या, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गुणी माणूस. कुठलीही गोष्ट काकांच्या कानावर घातल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा आपण लग्नाचंच बोलू. तुमच्या थोरल्या लेकी पांढरे कपडे घालून उघड्यावर उभ्या आहेत, त्यांची मला काळजी वाटते. नवरोजच्या सुमाराला त्यांना तसं ठेवणं बरं नाही. घरात असतील नसतील त्या जुन्या दुलया काढा. आणि धुरी द्या. चांगली दाट द्या, उजाडेपर्यंत द्या, कंजुषी करू नका.

याहून जास्त लिहीत नाही. शहाण्या बाईला एवढं पुरे.

रफोअत

--

चोरबोग, १९ मार्च

रफोअतबाई,

विहीण लिहायला हात धजत नाही.

मला मुलगी एक. एकच. थोरल्या लेकी कुठून काढल्यात? आणि ‘उघड्यावर उभ्या’? आमच्या घरातली मुलगी उघड्यावर उभी राहत नाही. पांढरे कपडे घालून तर नाहीच. पांढरं आम्ही कोणी मेल्यावर घालतो.

‘जुन्या दुलया काढा.’ म्हणजे मेहरंगेजने हिवाळाभर बोटं टोचून शिवलेल्या तुम्हाला अपुऱ्या वाटतात. सरळ आकडा सांगायचा होता!

आणि धुरी. माझ्या पोरीला नजर लागली आहे? भूत लागलं आहे? ते उतरवूनच तिला तुमच्या उंबऱ्यावर आणायची?

एर्गाशने हे गाडीत मोठ्याने वाचलं. उतरताना प्रत्येक जण माझ्याकडे असा बघत होता, जणू मी गुरं चोरली आहेत. मेहरंगेजने पत्र ऐकलं आणि सुई ठेवून दिली. अजून उचललेली नाही.

मोडायचं असेल तर स्पष्ट मोडा. सियोवुश भला मुलगा आहे, त्याला मी दोष देत नाही. आई निवडून मिळत नाही.

रेडिओवर मी फडकं टाकलं आहे. मला तुमचा आवाज ऐकायचा नाही. बाकी गाव मात्र अजून तुमच्यावर विसंबून आहे. नवरोजचं सुमनक, गव्हाच्या कोंबांची ती खीर, उघड्यावर शिजवणार आहेत, बागेत कोणी काडीही शिल्लक ठेवलेली नाही. मरहाबोच्या दाराशी सहाच झाडं आहेत, पण ती म्हणते, ‘आपा, तुमचं भांडण तुमच्यापाशी. बाई रेडिओवर खोटं बोलायची नाही.’

होसियत

--

चोरबोग, २५ मार्च

रफोअत विहीणबाई,

हात घासून घासून लाल झाले तरी काजळी जात नाही. कागदावरचे डाग त्याचे आहेत.

नवरोजच्या दुपारी मी सुमनक ढवळत होते. मरहाबो कुंपणावरूनच ओरडत आली. “आपा, फडकं काढा! तुमची विहीण रेडिओवर वेडी झालीये!”

तिच्या हाताला धरून आत गेले. तुमचा आवाज. पण या खेपेला स्वतःच्या जोड्यात. ‘…समोरचा कागद मी वाचणार नाही. संध्याकाळच्या आतच वादळ येईल, गारा पडतील. नंतर आभाळ मोकळं होईल, त्याला भुलू नका. उद्या पहाटे डोंगरपायथ्याला हिमदव पडणार. तुरळक नाही, सगळीकडे. फुलोरा वाचवायचा असेल तर आत्ता उठा.’ मग खरखर, कोणीतरी दार आपटल्याचा आवाज, आणि एकदम नाचाचं गाणं.

अंगणात सगळे एकदम बोलायला लागले. घरधनी म्हणाले, “आधी म्हणाली पडेल, मग म्हणाली नाही, आता म्हणते पडेल. माणसाने कुठल्या रफोअतवर विश्वास ठेवायचा?”

तेवढ्यात मरहाबोने तुमचं ते पत्र मागितलं. पुन्हा वाचलं. आणि कपाळावर हात मारून घेतला. “अहो आपा, थोरल्या लेकी म्हणजे झाडं! पांढरे कपडे म्हणजे फुलं! आणि साहेबांनी हवा ठरवली म्हणजे… अल्ला, बाईने अजून काय चित्र काढून पाठवायचं होतं?”

भुईने मला पोटात घ्यायला हवं होतं. पण तिलाही त्या दिवशी सवड नव्हती. आभाळ पश्चिमेकडून काळं झालं होतं.

मी ओरडले, “मधला अंदाज साहेबांचा होता! हा माझ्या विहिणीचा आहे! उठा!”

मग जे झालं ते काय सांगू. गाईपुढचं उरलेलं काड ओढलं तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली. गोठ्याचं छप्पर उतरवलं. घरधनी कंबर विसरून ओढ्यात उतरले आणि टायर उपसून आणले. गारा बोराएवढ्या. त्या थांबल्या आणि चांदण्या अशा लखलखल्या की मरहाबो म्हणाली, “किती सुंदर!” मी म्हटलं, “हेच ते भुलणं. काड आण.” रात्रभर गाव धुरात खोकत होतं. काड संपलं तेव्हा मेहरंगेज घरातून जुन्या दुलया घेऊन आली, भिजवून विस्तवावर टाकल्या. त्यांचा धूर सगळ्यात दाट झाला.

उजाडल्यावर खालचा टप्पा गेला होता. फुलं तशीच फांदीवर, पण हात लावला की आत काळी. वरचे टप्पे राहिले. मरहाबोची चार झाडं वाचली, दोन गेली. सुमनक तळाला लागलं, तेच सगळ्यांनी खाल्लं.

तुमचे उपकार मानते. माझ्या मागच्या पत्रातले शब्द परत घेते, ‘आई निवडून मिळत नाही’ हे धरून.

पण एक विचारते, कारण विचारलं नाही तर रात्री झोप येणार नाही. तुम्ही खुणेचं पत्र फक्त मला पाठवलंत. मला ते कळलं असतं, तर मी माझ्या बागेत धूर केला असता आणि मरहाबोने कुंपणापलीकडून विचारलं असतं, आपा, काय शिजवताय? मग मी काय सांगायचं होतं?

होसियत

--

शहर, २९ मार्च

विहीणबाई,

तुमच्या प्रश्नाकडे शेवटी येते, आधी बाकीचं लिहिते.

मैदानात मोठा मंडप होता. हाकीमसाहेब म्हणाले, “आज निसर्गही आपल्यावर प्रसन्न आहे,” आणि मंडप उडाला. वाऱ्याने तो थेट बेकरीच्या छपरावर नेऊन ठेवला, अजून तिथेच आहे. आमच्या साहेबांनी गारांतही टाळ्या थांबवल्या नाहीत. डोक्याला टेंगूळ आलं आहे, पण निष्ठा शाबूत आहे.

दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, “हवा बिघडली त्याला तुम्ही जबाबदार आहात. लोक घाबरले.”

मी म्हटलं, “साहेब, मी बोलले तेव्हा ढग निघून बराच वेळ झाला होता.”

“उलट बोलू नका. ढगांची चौकशी वेगळी होईल.”

रेडिओ गेला. आता मी मागच्या आवारात पर्जन्यमापकातलं पाणी मोजते. माझ्या जागी एक गोड गळ्याचा तरुण आहे. त्याच्या राज्यात रोज ऊन पडतं.

आता तुमचं. नोकरीची भीती होती. वाटलं, आपली माणसं वाचली की पुरे. मग तुमचं चिडलेलं पत्र आलं. दुलयांवरून आणि धुरीवरून मी हसलेसुद्धा. शेवटी मरहाबोचं वाक्य वाचलं आणि हातातला नान तसाच राहिला. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, ती सहा झाडं घेऊन माझ्या शब्दावर झोपणार होती. म्हणून नवरोजला समोरचा कागद बाजूला सारला, पण उशिराच.

सियोवुश पोचला. वाळला आहे. लग्न तुमच्या बागेतच होऊ दे. जळका टप्पा झाकू नका, पाहुण्यांना बघू दे. पुलाव मात्र आमचा आचारी करेल, यात बोलणी नकोत.

रफोअत

--

चोरबोग, ३ मे

विहीणबाई,

लग्नातल्या पुलावाबद्दल मी काही बोलले नाही, हे लक्षात असू द्या. पुढेमागे बोलेन.

वरच्या टप्प्यात फळ धरलं आहे, बोटाच्या पेराएवढं. खालच्यात पानंच पानं. गोठ्याचं छप्पर पुन्हा घातलं. रेडिओवर तुमचा तो गोड गळेवाला लागला की मरहाबो त्याला मोठ्याने विचारते, “तुझ्या अंगणात काड आहे का रे बाळा?” काल त्याने ऊन सांगितलं म्हणून सगळ्यांनी कपडे आत घेतले. आणि झालंही तसंच, धो धो पाऊस.

हे सगळं मूळ गोष्ट टाळण्यासाठी लिहिते आहे. सियोवुश गेला त्याला दोन आठवडे झाले. मेहरंगेजची तीन पत्रं आली. प्रत्येकात एक ओळ. ‘मी बरी आहे, काळजी करू नये.’ विहीणबाई, माझी मुलगी एक ओळ बोलणारी नाही. घरात तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी तिला शिवणाला बसवत असे. ती जेवते का? तुम्ही तिला टोचून बोलता का? बोलत असाल तर बोला, पण तिलाही उलट बोलू द्या. आमच्याकडे त्यावरच पोरं वाढतात.

खरं लिहा. तुम्हाला खरं सांगता येतं, हे आता सगळ्या जिल्ह्याने ऐकलं आहे.

होसियत

--

शहर, ९ मे

विहीणबाई,

खरं लिहिते. जेवत नव्हती. नव्या सुनेने मोठ्यांपुढे गप्प राहायचं असतं, म्हणून मी आधी तिला वळण चांगलं म्हणत होते. मग ती मोठ्यांच्या माघारीही गप्पच असते असं दिसलं. सकाळी अंगण झाडायची, संध्याकाळी पुन्हा तेच झाडायची. दिवसभर त्यात कचरा पडलेला नसायचा. मी बोलतं करायला गेले की ‘हो आई’, ‘नाही आई’. विचारून विचारून मी थकले. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही दुसऱ्याच दिवशी एर्गाशच्या गाडीत बसला असता.

काल आमचे साहेब घरी आले. भेटीला साखर घेऊन. मी समजले, काहीतरी कडू आहे.

झालं असं, की खालच्या सपाटीवर हाकीमसाहेबांची स्वतःची नवी बाग आहे, जर्दाळूचीच. नवरोजच्या रात्री तिथे एक काडी पेटली नव्हती. कशी पेटणार? ‘हिमदवाचा कोणताही धोका नाही’ हे साहेबांनी हाकीमसाहेबांना स्वतः फोन करून कळवलं होतं. मी रेडिओवर ओरडत होते तेव्हा हाकीमसाहेब मैदानात टाळ्या घेत होते. आता झाडांवर पानं आहेत, फळ एक नाही. हाकीमसाहेबांनी विचारलं आहे, मला उबेची खात्री कोणी दिली?

साहेब मांडी घालून बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “रफोअत, तुम्ही एवढंच म्हणा, की तुम्हाला कळलं होतं पण तुम्ही मला वेळेवर कळवलं नाही. तोंडीच म्हणा. मी तुमची बाजू सांभाळीन. सोमवारपासून रेडिओ पुन्हा तुमचा.”

विहीणबाई, मन डळमळलं. वीस वर्षं मी त्या खोलीत बसले आहे. पर्जन्यमापकाशी बोलून बोलून मला माझा आवाज विसरायला झाला होता. मी नाही म्हणायला हवं होतं, पण मी मेहरंगेजला चहा ठेवायला सांगितलं. साहेबांना वाटलं, पटलं. ते आणखी मऊ झाले. “हवामान म्हणजे काय हो, शेवटी एकमेकांना समजून घेणं.”

मेहरंगेज चहा घेऊन आली. पेला ठेवला, नियमाप्रमाणे मान खाली. साहेब बोलतच राहिले, चहाला हात लावेनात. ती दाराशी थांबली होती. मग तिचा आवाज आला. इतक्या दिवसांनी आला म्हणून मला आधी कळेना, कोण बोललं.

“काका, चहा घ्या. गार होतोय.” मान अजून खालीच. “म्हणजे, गार व्हायला वरून परवानगी आली असेल तर.”

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, “हे तुमच्या घरचं वळण?”

मी साखर त्यांच्यापुढे सरकवली. म्हटलं, “हो साहेब, आमच्याच घरचं. आणि मी तुम्हाला वेळेवर कळवलं होतं. दोनदा. हाकीमसाहेबांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन, त्यांनी विचारलं नाही तरीही.”

ते उठले. चहा तसाच. साखर मात्र घेऊन गेले.

दार लागलं. मेहरंगेज मला म्हणाली, “आई, चुकलं. आता रागवा.” मला हसूच आवरेना. तीही हसायला लागली, ओढणी तोंडात कोंबून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. सियोवुश गेल्यापासून पहिल्यांदा. मी गप्प बसवलं नाही. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, घरात खायला काय आहे.

रेडिओ काही मिळणार नाही. पर्जन्यमापकही राहील की नाही कोण जाणे.

आज सकाळी मी पुलाव केला. तुमच्या मुलीने एक घास खाल्ला आणि मला सांगितलं, की गाजर कमी आहे, तांदूळ जास्त भिजला आहे आणि लग्नातला आचारीही असाच होता, पण तेव्हा तिला बोलायची मुभा नव्हती. मग तिने ताट भरून घेतलं. दोनदा.

तुमची,
रफोअत